तलावात घातलेली दुर्बीण

लोक त्याला दुर्बीणवाला म्हणत. पोहण्याच्या तलावांच्या पाइपांत अंगठ्याएवढा कॅमेरा घालायचा, मागून त्याची तार ढकलायची आणि पडद्यावर गळती शोधायची, हे त्याचं काम. त्याच्या कामाला सगळ्यात जास्त हसत ते त्याचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. भावजी पाइपांचे जुने ठेकेदार. "काय मेव्हणे, आज कुठल्या गटारात सिनेमा?" असं भरल्या ताटावर विचारायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

गावातल्या क्लबातला पोहण्याचा तलाव भावजींनीच बांधला होता. आता तो दिवसाला चार बोटं पाणी गिळत होता. मोटर बंद ठेवली तर जेमतेम एक बोट. तळ शाबूत होता, पंपाच्या पाइपातच खोट होती, हे डोकं असलेल्या कुणालाही कळलं असतं. पण पाइपात नेमकी कुठे, ते क्लबाच्या चेअरमनना कळेना. त्यांनी सगळा काठ फोडायचं काम भावजींना देऊन टाकलं होतं. बहिणीने भावजींना गळ घातली म्हणून फोडाफोडीआधी दुर्बीणवाल्याला एक सकाळ मिळाली.

तलावाचं पाणी खाली उतरवलेलं होतं. भिंतीतल्या पाइपाच्या तोंडातून त्याने कॅमेरा आत सोडला. बघ्यांत क्लबातली मंडळी होती. दुर्बीणवाल्याला चेव चढला. पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत, बढाया मारत तो तार ढकलत राहिला. अठरा फुटांवर जोड निसटलेला दिसला, फटीतून माती आत आलेली. त्याने क्लबाकडचा पाइपांचा नकाशा बघितला, सरळ रेघेत अठरा फूट मोजले, काठाच्या फरशीवर खडूने फुली मारली.

फरशी फोडली. खाली माती कोरडी ठणठणीत.

"अरे वा!" भावजींनी मांडीवर थाप मारली. "वाळवंट शोधलं आमच्या मेव्हण्यांनी!"

चेअरमन म्हणाले, "अजून एक फरशी. ती चुकली तर सामान उचला."

दुर्बीणवाल्याचे कान तापले. पेटी उघडून तो चित्रण पहिल्यापासून बघायला बसला, या वेळी लोकांकडे पाठ करून. सात फुटांवर एक एल्बो, पाइप काटकोनात वळवणारा जोड. अकरावर दुसरा. आपण बढाई मारत होतो तेव्हा कॅमेरा दोनदा वळला होता! स्वतःच्या मूर्खपणाची त्याला शिसारी आली. पण वळला कुठे? कॅमेरा पाइपात कुशी बदलत जातो. पडद्यावर डावं-उजवं ठरत नाही. जमिनीवरून त्याचा ठाव सांगणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं.

त्याने नकाशा चेअरमनच्या हातात दिला. "यात पाइप सरळ आहे. आत दोन एल्बो आहेत. खाली सही भावजींची आहे."

भावजी फरशीकडे बघू लागले.

"भावजी, डावीकडे वळवला की उजवीकडे?"

"आठ वर्षं झाली. आठवतंय कुणाला?"

"असं कसं? परवाच जेवताना म्हणालात, माझा एकेक पाइप मी डोळे मिटून दाखवीन."

बघ्यांत कुणीतरी खुसखुसलं. चेअरमन म्हणाले, "मिटा की डोळे."

भावजींच्या कपाळाची शीर उडायला लागली. आठवत नाही म्हणावं तर कारागिरी गेली, आठवतं म्हणावं तर नकाशा खोटा. मग ते तरातरा चालत कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीपाशी गेले आणि चपलेने एक फरशी ठोकली.

"इथे. खडक लागला होता. वळसा घातला."

"मग नकाशात का नाही?"

"नकाशा आधी काढला होता, साहेब."

फरशी निघाली आणि खाली काळा चिखल लागला. पाइपाचं टोक जोडातून बोटभर बाहेर आलेलं, आणि त्यावर पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा टिपूसही नाही. नुसताच खुपसून पुरलेला! चेअरमननी काठाचं काम तिथल्या तिथे रद्द केलं. ही एवढी दुरुस्ती भावजींनी करावी, तीही फुकट, असं बजावलं.

भावजी चिखलात उकिडवे बसले. टोक पुसलं, डबी उघडली, ब्रश फिरवला. दुर्बीणवाला तार पुसत पुसत गुंडाळत होता.

"अजून लावा, भावजी," तो म्हणाला. "वाळलं की परत दुर्बीण घालणार आहे मी."

भावजींनी मान वर केली नाही, पण ब्रश पुन्हा डबीत बुडवला.