ठाकुर्लीच्या आधी कोपरी

मी निघाले तेव्हा बाबा खाली आलेच नाहीत. एन-९५ लावून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहिले आणि तिथूनच हात हलवत होते. आईने दाराच्या आतच माझ्या तळहातावर दही ठेवलं. ते खायला मी मास्क खाली ओढला, तशी ती चक्क मागे सरकली. कोणी गावाला निघालं तरी गळ्यात पडून रडणारी माझी आई! सोसायटीत तेव्हा कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं, त्यामुळे निरोपाला खाली फक्त वॉचमन होता, तोही लांब. टॅक्सीत बसताना मी ओरडले, "जाते गं आई." वरून, मास्कच्या आतून, बाबांचा आवाज आला, "जाते नाही, येते म्हण!" मी "येते" म्हटलं. विमानात मधल्या सीटवाल्यांना पांढरे झगे घालायला लावले होते. माझी सीट मधलीच होती. पहिल्यांदा परदेशी निघालेली मुलगी झगा, मास्क आणि प्लास्टिकची शील्ड घालून आतल्या आत रडत होती, आणि नाक पुसायचीही सोय नव्हती.

तुम्ही जे ठाकुर्ली-डोंबिवलीतच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बॅगा भरून निघालात, त्या दोघांनाही हे सांगायचंय. तुमच्या कपाटाच्या खणात एखादा जुना मास्क सापडला तर तुम्ही हसता आणि टाकून देता. टाका बापडे. आमच्याकडे मात्र तो करोनाच्या कितीतरी आधी आला होता. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या, आईने तिची एक दिली, आणि ती बाबांच्या शरीराने परकी म्हणून फेकून देऊ नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्तीच औषधांनी दाबून ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला साधी सर्दीही महागात पडेल. तेव्हापासून बाबा मास्क लावून फिरायचे.

त्या काळात मास्क म्हणजे काहीतरी भयंकर रोग. शेअर रिक्षात बाबा बसले की शेजारचा माणूस अंग चोरून घ्यायचा. एकदा गावाला जाताना एसटीत एका बाईने तोंडावर विचारलं, "टीबी आहे का हो?" बाबा म्हणाले, "नाही हो. बायकोची किडनी आहे माझ्यात, तिला जपतोय." बाई लाजली आणि तिने आईला डब्यातली थालीपिठं काढून दिली. बाबांचा हा स्वभाव. मला मात्र त्या बाईचा राग कितीतरी दिवस गेला नव्हता.

मग करोना आला आणि सगळं जग बाबांसारखं झालं. हे बोलणं बरं नाही, पण आमच्या घरात त्या दिवसांत बाबांइतकं निवांत कोणी नव्हतं. गॅलरीत उभे राहून ते खालच्या लोकांना शिकवायचे, "अहो, नाक आत घ्या. दार लावलंत आणि खिडकी उघडी ठेवलीत!" पहिल्यांदाच कोणी त्यांच्यापासून सरकत नव्हतं, कारण सगळेच सगळ्यांपासून सरकत होते.

मी नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टला पोचले तेव्हा तिथेही सगळ्यांची तोंडं बांधलेली. कोणतंही कापड चालत नसे, एफएफपी-टूच, म्हणजे तिकडचा एन-९५च, हवा. ट्रामला तिथे बान म्हणतात. बानमध्ये माझा मास्क जरा घसरला, तर समोरच्या म्हातारीने काठी उचलून "मास्के!" म्हणून दटावलं. मला गंमत वाटली, बाबाच बसलेत समोर असं वाटलं. पुढे नियम बदलत गेले. विमानात नको, पण आगगाडीत हवा. मग आगगाडीतही नको, फक्त दवाखान्यात हवा. मग कुठेच नको. नियम गेला तशी माणसंही बदलली. त्याच बानमध्ये, मी मास्क लावून बसले म्हणून एक बाई मुलाला उचलून दुसऱ्या डब्यात गेली. तेव्हा मला एसटीतली ती बाई आठवली.

मी मास्क काढू शकत नव्हते असं नाही. श्टुटगार्टमध्ये ऑफिसात मी तो लावत नसेच. पण भारताचं तिकीट काढलं की त्याआधीचे काही आठवडे मी तोंड बांधायचे. मला एकच गोष्ट हवी होती: बाबांना भेटायचं, आणि माझ्याबरोबर त्यांच्यापर्यंत काहीही पोचू द्यायचं नाही. म्हणून आमच्या घरात एक रीत पडली. मी विमानातून उतरले की ठाकुर्लीला जायचं नाही, आधी कोपरीला जायचं. तिथे, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, आत्याची खोली आहे. आत्या मुलाकडे पुण्याला गेली, खोली बंद. बाबा कोकणातून ठाण्याच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा ट्रंक घेऊन पहिल्यांदा याच खोलीत उतरले होते. "तेव्हा इथे खाडीचा वास थेट उशीपर्यंत यायचा," असं ते सांगायचे. आता खिडकीतून समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसतं. मी तिथे आठवडाभर एकटी राहायचे. आई डबा घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि जिन्यात उभी राहून बोलायची. मी टेस्ट करायचे, काही निघालं नाही की मग ठाकुर्ली.

तिथेही मी मास्क लावूनच असायचे. बाबा हॉलमध्ये, मी गॅलरीच्या दारात. जेवायला मी स्वयंपाकघरात, ते बाहेर. माझ्या बापाच्या घरात मी पाहुणीसारखी, त्याहूनही वाईट, परिचारिकेसारखी वावरायचे. जाताना बाबा म्हणायचे, "डोळे तेवढे बघितले तुझे." आम्ही हसायचो.

पहिल्या खेपेला विमानात सगळेच मास्कवाले होते. जेवणाचे ट्रे आले की मात्र सगळे एकदम मास्क काढायचे, जणू विषाणूलाही जेवणाची सुट्टी. सगळ्यांचं आटोपेपर्यंत मी थांबायचे. पुढच्या खेपेला मास्कवाली मी एकटी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अजून? तुम्हाला झालाय का?" म्हटलं, "मला काही झालेलं नाही. माझ्या बाबांना होऊ नये म्हणून." त्या म्हणाल्या, "बाई गं! इतकं घाबरून कसं चालेल?" त्या सगळा प्रवास शिंकत होत्या. कोपरीहून घरी आले तर आमच्या बिल्डिंगची जमीन ज्यांची होती त्या घरातल्या मावशी गेटवरच भेटल्या. हातात पापलेटची पिशवी, आवाज तसाच खणखणीत. "कवा आयलीस गं? न तो फडका काढ की तोंडावरचा! करोना गेला कवाच." मावशींचा मी राग मानला नाही. पण सगळीकडे हेच चाललं होतं. बाबांना लग्नात, मुंजीत, बाजारात सगळे सांगायचे, काढा आता. बाबा आधीसारखे विनोद करत नव्हते. मास्क हनुवटीखाली घ्यायचे, फोटो झाला की वर.

गेल्या वर्षी मी गणपतीत यायचं ठरवलं. बाबांनी गावाला जायचा हट्ट धरला. करोनापासून ते गावच्या घरच्या गणपतीला गेले नव्हते, आणि मोठे काका वारल्यावर घरात आता तेच थोरले. मी व्हिडिओ कॉलवर पाढा वाचला: एसटीने नाही, चुलतभावाच्या गाडीने जायचं, बाहेर अंगणात, खळ्यात बसायचं, आत गर्दीत जायचं नाही, मास्क काढायचा नाही. "होय गं बाय, होय," ते म्हणाले. चतुर्थीला मी निघायचं, ते परत येईपर्यंत माझा कोपरीचा मुक्काम संपलेला असेल, असा हिशोब होता.

विमानात माझ्या मागचा एक गृहस्थ म्हणाला, "मॅडम, पँडेमिक संपलं, तुम्हाला कोणी कळवलं नाही का?" आजूबाजूचे हसले. पुढचा माणूस खोकत होता, म्हणून हवाई सुंदरीच्या हातापाया पडून मी जागा बदलून घेतली. जेवले नाही, पाणीही घेतलं नाही. विमान बदलायला आखातातल्या विमानतळावर उतरले, एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले आणि फोन सुरू केला. घरच्या ग्रुपवर चुलतभावाने व्हिडिओ टाकला होता.

तुमच्यापैकी कोकणातल्यांना गाऱ्हाणं माहीत आहे. पूजा झाली की घरातला थोरला देवापुढे उभा राहतो, मोठ्याने मागणं मागतो, आणि जमलेली सगळी वाडी एका सुरात हो म्हणते. माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध माझे बाबा, सोवळं नेसून, हात जोडून. तोंड उघडं. मास्क कुठेच नव्हता, गळ्यातही नाही. "बा देवा म्हाराजा, माजा चेडू साता समुद्रापलीकडसून येता हा, तेका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" आणि सगळे त्यांच्या अंगावर वाकून, घसा फोडून, "व्हय म्हाराजा!"

मी किंचाळलेच. बाजूची माणसं वळून बघायला लागली. आईला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. आई शांतपणे म्हणाली, "अगं, तोंड बांधून देवाशी कसं बोलायचं? थोरल्याने तोंड झाकून गाऱ्हाणं घातलं असं कधी झालंय? तुझ्यासाठीच मागत होते ना." मी उपाशी बसून, सगळ्या विमानाचं हसं सोसून त्यांना जपत होते, आणि त्यांनी माझ्याच नावाने मास्क काढला. मला देवाचा राग आला, वाडीचा आला, "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आला. बाबांचा आला नाही, हे मात्र खरं. तेच उभे राहणार होते, त्यांचाच मान होता, आणि मागणं माझ्यासाठी होतं.

कोपरीच्या खोलीत मी ठणठणीत होते. शिंकही नाही. देवाने सुखरूप पोचवलं होतं. तिकडे गावात बाबांना ताप आला. करोनाही नव्हता, डॉक्टर म्हणाले साधा फ्लू. वाडीतल्या निम्म्या घरांत आला होता, सगळे काढा पिऊन कामाला लागले. बाबांना चुलतभावाने गाडीत घालून थेट कल्याणच्या हॉस्पिटलात आणलं. मी निघते म्हटलं तर आई फोनवर ओरडली, "थांब! तुझ्या अंगात काही असेल तर? उद्या टेस्ट कर, मग ये." आमचीच रीत ती. बाप सहा-सात स्टेशनं पलीकडे धापा टाकतोय आणि मी त्याच्याच जुन्या खोलीत फरशीवर बसून भिंतीकडे बघतेय. मी त्या दिवशी भिंतीवर हात आपटला, रडले, देवाला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी टेस्टमध्ये काही निघालं नाही.

अतिदक्षता विभागाच्या दारावर पाटी होती, मास्क सक्तीचा. सगळ्या जगातून हाकलला गेलेला नियम शेवटी तिथे भेटला. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, माझ्या तोंडावर माझा. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि बोट आधी स्वतःच्या गालाला लावलं, मग माझ्याकडे केलं. मला कळलं नाही असं दाखवून मी म्हटलं, "बाबा, बोलू नका." त्यांनी पुन्हा तेच केलं. त्यांचा मास्क वाफेने पांढरा झाला होता, आतून शब्द आले, "बघू दे की."

इतकी वर्षं ज्यासाठी सगळं केलं होतं, ते एका "बघू दे"पुढे किती टिकणार? टेस्ट झाली होती, ताप नव्हता, सगळं खरं. तरी मी मनात श्वास मोजला. मग दोन पावलं मागे सरकले, श्वास रोखला आणि मास्क काढला. बाबा बघत राहिले. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं सावकाश, बाजारात पापलेट पारखावं तसं. आणि म्हणाले, "वाळलीस गं. नीट जेवत नाहीस तिकडे."

श्वास रोखलेला असल्यामुळे मला उत्तरही देता आलं नाही. मी मान हलवली, नाही, जेवते. सिस्टर आल्या, मी मास्क वर ओढला. पुढच्या दोन दिवसांत बाबा गेले. आईची किडनीही त्यांच्याबरोबर गेली, हे आई रडताना मोठ्याने म्हणाली, तेव्हा माझ्या ते लक्षात आलं.

परतीच्या विमानात मी मास्क लावला नाही. बॅगेत होता, हात गेला नाही. कोणी विचारलं नाही, कोणी सरकलं नाही, ट्रे आला तसा मी सगळ्यांबरोबर जेवले. शेजारचा माणूस खोकत होता. मला काहीच वाटलं नाही.

आता मला घर म्हणजे काय विचाराल, तर माझ्याकडे धड उत्तर नाही. बाबा कोपरीहून ठाकुर्लीला गेले तेव्हा त्यांना घर मिळालं, मी तिथून निघून कुठे पोचले ते मला अजून समजलेलं नाही. आई एकटी आहे, तिच्या एका किडनीसह, आणि मी तिला इकडे बोलावलं की म्हणते, मला तिकडची थंडी सोसणार नाही. परवा फोनवर पुढच्या तिकिटाबद्दल बोलत होतो. मी सवयीने विचारलं, आत्याकडून खोलीची किल्ली मागवून ठेवशील का? ती म्हणाली, "आता कशाला कोपरी? विमानतळावरून थेट घरी ये."