२८६ ग्रॅमचे जावईबापू

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मला सर्पमित्र म्हणतात. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत. रानात नाहीत, पाळायला कायद्याने बंदी आहे, प्राणिसंग्रहालयातसुद्धा नाहीत. म्हणजे ही चेष्टाच आहे, आणि गेली सहा वर्षं मी ती ऐकते आहे. लोकांकडे असतात ते सरडे. गळ्याखाली काटेरी दाढी असलेले, हातभर लांब, मूळचे ऑस्ट्रेलियातले. लॉकडाऊनमध्ये मुलांनी हट्ट केला म्हणून बरेच घरी आले. मुलं मोठी झाली, घर बदललं, की माझा फोन वाजतो.

आजवर सदतीस आले. एकोणतीस जणांना चांगली घरं मिळाली, पाच मेले, तीन अजून आमच्या न्यू लिनच्या घरात आहेत. दिवसभर ऑफिसात पुलांची गणितं तपासायची आणि घरी येऊन काचेच्या पेट्या धुवायच्या, याचा मला कंटाळा आला आहे. गुडघे दुखतात. कपडे धुवायच्या खोलीत सरड्यांसाठी ठेवलेले रातकिडे दिवसाही ओरडतात. या उन्हाळ्यात मी घरात जाहीर केलं, आता नवीन प्राणी घेणार नाही.

"मम, यू सेड दॅट लास्ट इयर," मुलगी म्हणाली.

"त्याच्या आदल्या वर्षीपण," नवऱ्याने भर घातली.

पुढच्याच आठवड्यात ग्रुपमधल्या एकीचा फोन आला. नवऱ्याला ब्रिस्बेनला नोकरी लागली होती, सगळं घर दोन आठवड्यांत हलणार होतं. सासरेही बरोबर जाणार होते. मागे राहणार होता तो फक्त सरडा. त्याचे पूर्वज तिथलेच, पण बाहेरून येणारा सरडा ऑस्ट्रेलिया आत घेत नाही. "ताई, दुसरं कोणीच नाही हो," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी ती सासऱ्यांना घेऊन आली. काका पंचाहत्तरीचे. बायको गेल्यावर वर्षापूर्वी मुलाकडे राहायला आलेले. सरडा त्यांच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला.

"दुपारी जरा पडतात," काका म्हणाले. "झोपमोड केलेली चालत नाही."

"कोणाची?"

"जावईबापूंची. दिवसभर एका जागी बसायचं, पुढे आणून दिलं तर खायचं, आणि काही विचारलं की मान डोलवायची. दुसरं काय नाव ठेवणार?"

मी हसले. सरड्याला हातात घेतलं आणि हसू थांबलं. मागचे पाय लोंबत होते. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबला. वजन केलं, २८६ ग्रॅम. त्या लांबीच्या सरड्याचं चारशेच्या आसपास हवं.

काकांनी एक कागद दिला. सुवाच्य अक्षरात दिनक्रम लिहिलेला. सकाळी सात ते अकरा खिडकीत ऊन. आठ वाजता पालकाची चार पानं, बारीक चिरून. चार वाजता पुन्हा दोन. पालक त्यांनी मागच्या अंगणात मुद्दाम त्याच्यासाठी लावला होता. "विकतच्यावर फवारणी असते ना," ते म्हणाले. "लोह असतं त्यात. अकरा महिने एक दिवस चुकवला नाही."

"आणि किडे?"

"बाबांना घरात ते जिवंत किडे बघवेनात," सून म्हणाली. "शाकाहारी घर आहे, आणि तो भाजी खात होता, मग आम्ही बंदच केले. पेटीतला उन्हाचा दिवाही काढला. खिडकीत एवढं ऊन असतं."

प्रत्येक गोष्ट प्रेमाने केलेली आणि प्रत्येक गोष्ट चुकलेली. पालकातलं आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं, ते अंगाला लागत नाही. हाडांना लागणारा उन्हाचा भाग खिडकीची काच अडवते. किडे बंद झाल्यावर उरलंसुरलंही बंद झालं. अकरा महिने त्याचं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढत होतं.

माझा एक नियम आहे. आणून देणाऱ्याला प्राण्याची खरी अवस्था तिथल्या तिथे सांगायची. सदतीस वेळा पाळला होता. काका टॉवेलाची घडी घालत होते, ती नीट जमेना म्हणून पुन्हा उलगडून घालत होते.

"चांगले आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"वजन कमी आहे," मी म्हटलं. "बघते मी." इतकंच.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मागच्या एका पायाचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं. रोज तोंडातून कॅल्शियम, योग्य दिवा, किडे. आठ आठवड्यांत स्वतःचं अंग उचलता आलं नाही तर सुई देऊन कायमचं झोपवायचं, असं ठरलं.

ब्रिस्बेनहून काकांचा रोज सकाळी मेसेज यायचा. "जावईबापूंनी पालक खाल्ला का?" मी लिहायची, "आज व्यवस्थित खाल्लं." वाक्य खरं होतं. तो दुधी भोपळा आणि रातकिडे खात होता. पण असं खरं वाक्य जुळवून लिहायला मला ऑफिसच्या रिपोर्टपेक्षा जास्त वेळ लागायचा, आणि दिवसाची सुरुवातच थकलेली व्हायची.

"सांगू का त्यांना?" मी नवऱ्याला विचारलं.

"कशाला? म्हातारा माणूस. तिथे बसून काय करणार आहे? नुसता जळत बसेल."

मला पटलं. खरं तर पटवून घेतलं, कारण सोपं होतं.

सहाव्या आठवड्यात वजन ३१९ झालं. पुढचे पाय अंग उचलू लागले, मागचा डावाही. उजवा फरपटत होता. त्याच आठवड्यात काकांनी लिहिलं, "आनंदाची बातमी. इथे परवाना काढून पाळता येतात. मुलगा शनिवारी नवीन पिल्लू आणतो आहे. पालकाचं बी मी कालच लावलं."

मी तो मेसेज नवऱ्यापुढे धरला. त्याने चष्मा लावून वाचला.

"आता सांग," तो म्हणाला.

मी फोन केला. आधी काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, पण कागदाकडे पाहिलं नाही. पालकाचं सांगितलं, काचेचं सांगितलं, किड्यांचं सांगितलं. मोडलेल्या पायाचंही सांगितलं.

"म्हणजे मीच," काका म्हणाले.

"एकट्या पालकाने नाही झालं, काका. तीन गोष्टी होत्या."

"तिन्ही माझ्याच ना?"

मी नाही म्हणाले नाही.

"हे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो. हातात घेतल्याबरोबर."

"मग मी इतके दिवस रोज विचारत होतो, आणि तुम्ही 'खाल्लं' म्हणत होतात."

"चूक झाली माझी. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ते म्हणाले. रागाने नाही. शिक्षक वहीत फुली मारतात तसं. मग त्यांनी विचारलं, "दुखत होतं का त्याला?"

पहिल्यांदाच त्यांनी जावईबापू म्हटलं नाही. "डॉक्टर म्हणतात, आता दुखत नसावं."

"आता नसावं. म्हणजे तेव्हा दुखत होतं."

"हो काका."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला नाही, नंतरचे आठ दिवसही नाही. सुनेकडून कळलं की पिल्लू आणायचं रद्द झालं. मुलगा म्हणत होता, बाबा, आता माहीत आहे ना सगळं, आता नीट करू. काकांनी ऐकलं नाही. वाफाही उकरून टाकला.

आठ आठवडे झाले तेव्हा सरडा तीन पायांवर उभा राहिला. डॉक्टरांनी सुईची गोष्ट काढली नाही. पण लंगडा सरडा कोणी घेत नाही. पोरिरुआचं एक जोडपं विचारत होतं, फोटो पाहून त्यांनी कळवलं नाही. तो आता आमच्याकडेच राहील. म्हणजे चार झाले. नवऱ्याने दिव्यासाठी जास्तीचा प्लग पॉइंट बसवून दिला.

त्या फोननंतर दहाव्या दिवशी, रविवारी, काकांचा मेसेज आला होता. "वजन किती?" मी लिहिलं, ३३१. तेव्हापासून ते दर रविवारी एवढंच विचारतात. मागच्या रविवारी ३२६ भरलं. मी दोनदा वजन केलं, आणि तेच लिहिलं.