कुंडीतला बॅज
धुतलेल्या ॲप्रनला निळीचा वास आला की मला आईवर चिडलेली ती सकाळ आठवते. मी तेव्हा ठाण्याच्या एका हॉस्पिटलात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी शिकत होते. तिथल्या किरणोत्सर्गी औषधांमुळे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा एक छोटा बॅज आम्हाला छातीवर लावावा लागे. तो तिथेच ठेवून यायचा, पण एकदा विसरून मी तो ॲप्रनसकट डोंबिवलीला घरी आणला. सकाळी बघते तर ॲप्रन नीळ देऊन दोरीवर आणि बॅज गायब. "बॅज नाही तर लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही," असं सरांनी बजावलेलं, त्यात परीक्षेआधीची शेवटची प्रॅक्टिकल्स. मी कपाट उपसलं, बादली पालथी केली, आईला तीनदा विचारलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणे, "मला काय माहीत?" शेवटी तो बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीत सापडला, दुधाच्या पिशवीत गुंडाळून मातीत पुरलेला. "अगं आई, त्यातून काही येत नाही, तो नुसता मोजतो!" मी ओरडले. तिने लाटणं खाली ठेवलं. "मोजावं लागतं, म्हणजे तिथे ते असतंच ना गं?" "तुला काही कळत नाही," म्हणत मी माती झटकली आणि दार आपटून निघाले. आता मी नव्या मुलांना तसाच बॅज लावायला शिकवते. त्यांच्या आयांचे फोन येतात, तेव्हा दहा-दहा मिनिटं शांतपणे समजावते. माझ्या आईने मात्र पुन्हा कधी काही विचारलं नाही.