अठ्ठावीस मिलिमीटरचा वारस

मी एका प्लास्टिकच्या बाळाचा धर्मपिता आहे. हे नाते मी मागितले नव्हते, कुठेही सही केली नव्हती, आणि आजही ते मला मान्य नाही.

सविस्तर सांगतो. कारण सुनंदा (माझी पत्नी) ही हकीकत सांगते तेव्हा त्या हकीकतीत तीन चुका असतात, आणि तिन्ही माझ्या विरोधात जाणाऱ्या असतात.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. कतारमधल्या एका गॅस प्रकल्पात मी मोजमाप तपासनीस होतो. म्हणजे यंत्रावर दिसणारा आकडा खरा की खोटा, हे सांगणारा माणूस. त्या वर्षी आम्ही अल मन्सूरातले घर सोडून अल रय्यानला राहायला गेलो. मन्सूरात शेजारी मराठी, समोर मल्याळी, खाली किराणावाला गुजराती. नव्या इमारतीत आठ बिऱ्हाडे आणि सात देश! आम्हाला दोघांना काही वाटले नाही, पण तेरा वर्षांची रेवती पार मिटून गेली. शाळेतून यायची, दार लावून घ्यायची. चार महिने तिला एकही मैत्रीण नव्हती. मग एका संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी (मी घड्याळ पाहिले, सवय आहे) तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. फोनवर लुसिया नावाची मुलगी होती. कोपऱ्यावरच्या मेक्सिकन बेकरीवाल्याची लेक.

"अहो, त्या बेकरीतून काहीतरी घेऊन या," सुनंदा म्हणाली. "ओळख होईल. आणि जरा हसून बोला."

मी गेलो. छोटे दुकान, घरचीच माणसे राबणारी. रामिरो भट्टीवर, त्याची बायको गल्ल्यावर, आणि त्याची म्हातारी आई सगळ्यांवर. तिला सगळी गिऱ्हाइके 'अबुएला' म्हणायची, म्हणजे आजी. मी शिस्तीत काउंटरसमोर उभा राहिलो आणि कोणीतरी 'काय हवे' विचारेल म्हणून थांबलो. कोणी विचारले नाही. शर्टाच्या खिशात दोन पेने, हातात वही. वेळ जावा म्हणून शिंपल्याच्या नक्षीचे गोड पाव मोजू लागलो. तेवढ्यात अबुएलाने माझ्या पायांभोवती फरशी पुसली. थोड्या वेळाने परत पुसली! रामिरोने धुतलेला ॲप्रन चढवला. त्याच्या बायकोने भिंतीवरचा परवाना सरळ केला. बावीस मिनिटांनी लुसिया हळूच येऊन म्हणाली, "अंकल, आर यू फ्रॉम द बलदिया?"

बलदिया म्हणजे नगरपालिका. मी तपासणीला आलोय असे त्यांना वाटले होते.

"मी रेवतीचा बाबा," मी म्हणालो.

सगळ्या दुकानाने श्वास सोडला. मग कळले की इथे कोणी काही विचारतच नाही. दाराशी गोल ताटे आणि चिमटे ठेवलेले असतात. आपण ताट घ्यायचे, चिमट्याने हवे ते उचलायचे आणि गल्ल्यावर न्यायचे. अशी पाटी लावायला काय हरकत होती? मी तसे रामिरोला सुचवले. तो हसला. (पाटी लागली नाही.)

जानेवारीच्या सहा तारखेला त्यांचा कसलासा सण होता. रेवतीने हट्ट धरला म्हणून मी लंबगोल, वर साखरेतली फळे चिकटवलेला एक मोठा पाव आणला. देताना रामिरो डोळे मिचकावून म्हणाला, "सावकाश खा, सेन्योर!" मला वाटले, चवीचे कौतुक करतोय. सोबत कागदी मुकुट फुकट दिला. मी तो रद्दीत टाकला.

घरी पट्टी घेऊन पावाचे बारा समान तुकडे केले. पहिला घास. कटकन आवाज! दाढेवरची टोपी बाहेर आली आणि तिच्यामागून एक प्लास्टिकचे नागडे बाळ.

"अगं बाई!" सुनंदा ओरडली.

"कोणी हात लावू नका," मी म्हणालो. व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे अंशही मोजणारी पट्टी, काढला. (हो, मी तो घरी ठेवतो. ज्यांना हसायचे त्यांनी हसावे.) बाळाची लांबी अठ्ठावीस मिलिमीटर. घशात अडकायला पुरेशी. बाळ पिशवीत घातले, पिशवीवर तारीख आणि वेळ लिहिली.

"रेवती, कॉम्प्युटर लाव. बलदियाला तक्रार द्यायची आहे."

टायपिंग माझे हळू, म्हणून तिने बसायचे आणि मी सांगायचे, हा आमचा रिवाज. ती बसली, पण बोटे चालवेना.

"बाबा, प्लीज. देअर शॉप विल क्लोज. लुसिया विल नेव्हर टॉक टू मी अगेन."

"यात लुसियाचा काय संबंध? हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"शी इज द ओन्ली वन आय हॅव," ती म्हणाली, आणि मग मराठीत, जे ती सहसा बोलत नसे, "एकच आहे, बाबा."

सुनंदाने माझ्याकडे असे पाहिले की दुसरा कोणी असता तर कॉम्प्युटर बंद करून मोकळा झाला असता. मी सांगायला सुरुवात केली. पाच कलमे झाली. चौथे मला विशेष आवडले होते: 'खाद्यपदार्थात सापडलेली वस्तू लपवणारा ग्राहक हा निष्काळजी दुकानदाराइतकाच दोषी होय.' रेवतीने नाक ओढत सगळे इंग्रजीत टाइप केले. एक चूक नाही.

मात्र मी न्यायी माणूस आहे. बलदियाला जाण्याआधी समोरच्याचे म्हणणे ऐकायला हवे. दुसऱ्या दिवशी पत्र आणि बाळ घेऊन बेकरीत गेलो. मागून मायलेकी, मला आवरायला. दुकान गच्च भरलेले. मी पिशवीतून बाळ काढून काउंटरवर ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तुमच्या पावात हे सापडले!"

मग टाळ्या! शिट्ट्या! अबुएलाने काउंटरमागून धावत येऊन माझे दोन्ही गाल चुंबले. रामिरोने एक नवा कागदी मुकुट माझ्या डोक्यावर चढवला. मला वाटले, ऐकले नसेल, म्हणून पत्र मोठ्याने वाचू लागलो. मुकुट घालून! पहिल्या कलमाला टाळ्या. दुसऱ्या कलमाला कोणीतरी "ब्राव्हो!" म्हणाले. तिसऱ्या कलमात 'बलदिया' शब्द आला आणि रामिरोचा चेहरा पडला.

त्याने पत्र हातात घेतले, शेवटपर्यंत वाचले आणि हळूच म्हणाला, "सेन्योर, बाळ आम्हीच ठेवतो. दरवर्षी. माझी आई स्वतः ठेवते. ज्याला सापडते तो त्याचा धर्मपिता. दोन फेब्रुवारीला तो सगळ्यांना जेवायला घालतो."

"सगळ्यांना म्हणजे?"

"या वर्षी अठरा."

"हे पावावर लिहिले होते का?"

"नाही. सगळ्यांना माहीत असते."

"मला माहीत नव्हते. मी येणार नाही आणि घालणारही नाही. कशावर सही केलेली नाही!"

कोपऱ्यात लुसिया आणि रेवती एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. अबुएलाला इंग्रजी येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, आणि ते ॲप्रनच्या टोकाने पुसून परत पिशवीत घातले. पिशवी अगदी सांभाळून माझ्यापुढे सरकवली. पुरावा परत करावा तशी.

तोवर सुनंदा रामिरोच्या बायकोला विचारत होती, "जेवायला काय असते?"

"तमाल. मक्याचे पीठ, आत सारण, पानात गुंडाळून वाफवायचे."

"अहो! म्हणजे आपल्या पातोळ्याच की!"

आमचे मूळ गाव चिपळूणजवळ. पातोळ्यांचे नाव निघाले की माझे तत्त्व जरा मऊ पडते, हे तिला ठाऊक आहे. मी पत्राच्या डोक्यावर 'रद्द' लिहिले, तारीख घातली, घडी करून खिशात ठेवले. (फाडले नाही. कागद फाडणारा माणूस मी नव्हे.) "जेवण माझ्या घरी," मी म्हणालो, "आणि माझ्या नियमांनी."

नियम असा. मला न सांगता यांनी धर्मपिता केले, तर मीही कोणालातरी करणार, पण आगाऊ सूचना देऊन. मन्सूरात हळदीची पाने मिळाली नाहीत, केळीची मिळाली. माणशी तीन, अठरा माणसांच्या चोपन्न पातोळ्या. त्यातल्या एकीत मी एक अख्खा बदाम घातला आणि त्या पानाचा कोपरा कापला. ज्याला बदाम, त्याने महिन्याभरात सगळ्यांना जेवायला घालायचे. ती कोपरा कापलेली पातोळी रामिरोच्या ताटात जाणार होती.

"हे बरे नव्हे हं," सुनंदा म्हणाली.

"माझ्या दाढेचे जे झाले ते बरे होते?"

दोन फेब्रुवारीला आमच्या दोन खोल्यांत अठरा पाहुणे दाटीवाटीने बसले. मी नियम वाचून दाखवला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या (या लोकांना टाळ्यांचे काहीच वाटत नाही). रामिरोचे ताट मी स्वतः वाढले. त्याने पान सोडायला हात घातला, इतक्यात अबुएला उठली, ते ताट उचलले आणि माझ्यासमोर ठेवले.

"आई म्हणते, पहिला घास धर्मपित्याचा," रामिरो म्हणाला. "आमची पद्धत."

"नको, नको, तुम्ही पाहुणे..."

"यल्ला, सेन्योर!" सगळे एका सुरात. (यल्ला म्हणजे चला, उरका.)

खाल्ली. दुसऱ्या घासाला बदाम जिभेवर आला. अठरा माणसे बघत होती. मी बदाम न चावता गिळला आणि म्हणालो, "फक्त गूळ."

चोपन्न पातोळ्या संपल्या. बदाम नाही. रामिरोने पाने उलटीपालटी केली. लुसिया टेबलाखाली शिरली. "सेन्योर, तुम्ही आकड्यांचा माणूस," रामिरो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "एक आत गेला, बाहेर शून्य. कसे?"

मी पाणी प्यायलो. बदाम अजून अर्ध्या वाटेवर होता.

तेव्हा रेवती उभी राहिली. चार महिने खोलीबाहेर न बोललेली माझी मुलगी, अठरा पाहुण्यांसमोर, हसू दाबत, खणखणीत आवाजात (माझाच आवाज) म्हणाली, "क्लॉज फोर! खाद्यपदार्थात सापडलेली वस्तू लपवणारा ग्राहक..."

पुढचे लुसियाने इंग्रजीत पूर्ण केले. दोघींना पाठ होते!

मी हात वर केला. टाळ्या, शिट्ट्या, आणि रामिरोने मागच्या खिशातून घडी घातलेला कागदी मुकुट काढला. तो बरोबर घेऊन आला होता. म्हणजे त्याला माझ्याविषयी खात्री होती.

मार्चमध्ये पुन्हा अठरा माणसे जेवून गेली. त्या वेळी बदामाला मी हात लावला नाही.

बाळ अजून माझ्याकडे आहे, टेबलाच्या खणात, त्याच पिशवीत. धर्मपितेपण मला मान्य नाही, पण दर सहा जानेवारीला मी व्हर्नियर काढून त्याची लांबी घेतो. अठ्ठावीस मिलिमीटर. इतक्या वर्षांत तसूभर वाढ नाही, समजूत शून्य, आणि जबडा घट्ट मिटलेला.

बापावर गेला असणार.