आळशी डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर बसलेल्या चिमुरडीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. आईने डब्याच्या झाकणात तांदूळ घेऊन तिला खडे वेचायला बसवलं होतं.

"मला नीट दिसत नाहीये गं."

"दिसेल. आळशी झालाय तो डोळा, त्याला कामाला लावायचंय."

माझाही डावा डोळा लहानपणी असाच नाकाकडे वळायचा. तिरळा डोळा भाग्याचा, असं घरात सगळे म्हणायचे. आई कौतुकाने त्याच डोळ्यावर ओठ टेकवायची. पट्टी कुणी बांधली नाही.

मी हळूच उजवा डोळा झाकला. समोरच्या मायलेकी पुसट झाल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिने ज्या डोळ्याचे इतके लाड केले, त्याला तिचा चेहरा कधी नीट दिसलाच नाही.