मोजणीत एक कमी

बस नारायणगावात शिरलीच नाही. कंडक्टरने मला बायपासला उतरवलं, "इथनं जवळच हाय" म्हणाला, आणि मी भर उन्हात अर्धा तास पाय ओढत वारूळवाडी गाठली. त्या कंडक्टरला मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निघाले होते एका लेखासाठी. माणसं मारणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. हेतू मान्य, पण सीमा लांबलचक; दुसरा चांगला पर्याय मिळेपर्यंत सुरुंग लागतील, अशी आपली भूमिका. मला ती पटत नाही. सुरुंग पेरलेला एक माणूस भेटवतो, असं कांतिलालशेठ म्हणाले, म्हणून आले. शेठ म्हणजे पुण्यातल्या आमच्या शेजाऱ्याचे, निलेशचे वडील.

घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. इथे बियाण्यांचं दुकान. नळाला पांढरं फडकं बांधलेलं, पाण्यातला जीवही पोटात जाऊ नये म्हणून. जेवायला गट्ट्याची भाजी (बेसनाच्या उकडलेल्या तुकड्यांची) आणि बाजरीची भाकरी. मी दोनदा वाढून घेतली.

"ताई, किसनभाऊंकडं माझंपण काम आहे," शेठ म्हणाले.

नातू तीर्थ जन्मला तेव्हा महिनाभर काचेच्या पेटीत होता. तेव्हा शेठ नवस बोलले, की याचा झडूला (जावळ) मूळ गावी, भैरूजीच्या ठाण्यावरच (देवस्थानावर) उतरवीन. तीर्थ आता तीन वर्षांचा आहे. त्याची वेणी मी रोज बघते. पण ते गाव सीमेला लागून. एका हिवाळ्यात सैन्य तिकडे उभं राहिलं आणि ठाण्याच्या वाटेवर सुरुंग पेरले गेले. पुढे काढले, तरी गावकरी त्या वाटेने जात नाहीत. आणि ते पेरणाऱ्यांत होते शेठचेच जुने गिऱ्हाईक, तेव्हा फौजेत असलेले लोणीचे किसनभाऊ. बियाणं घेता घेता गावाचं नाव निघालं, तेव्हा दोघांना हे कळलं.

जीपने मंचर मागे टाकलं. ऊस विरळ होत गेला, मग नुसता माळ.  

किसनभाऊ कांदा भरत होते. मी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही धडधाकट. आपण काय शोधत होतो ते लक्षात येऊन मला स्वतःची शरम वाटली.

चहा झाला. मी कराराचं विचारलं.

"सही नगं, आसंच म्हणलो असतो मी," ते म्हणाले. "तवा पुढं सुरुंग हाईत म्हणून आमी डोळा मिटायचो. लई आधार व्हता." मग भुईमुगाच्या शेंगा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पण ताई, आमची बदली झाली. सुरुंगांची न्हाई व्हत."

शेठना राहवलं नाही. "भाऊ, एकच सांगा. ठाण्याची वाट साफ आहे ना?"

"साफ केली आमीच. नकाशा धरून, गुडघ्यावर बसून."

"मग झालं तर!"

"वाळू सरकती, शेठ. टिबा (वाळूची टेकडी) एका उन्हाळ्यात हिकडचा तिकडं जातो. पेरले तेवढे भरले न्हाईत. एक कमी."

"फुटला असेल एखादा, जनावराच्या पायानं."

"आसंल."

"म्हणजे साफ आहे?"

किसनभाऊंनी हातातला कांदा चोळून पोत्यात टाकला. म्हणाले, "पोराला खाली सोडू नका. कडंवर घ्या."

 माझ्या वहीत माझे चार मुद्दे लिहिलेले होते. ती वही मी उघडलीच नाही. सह्या करणारे आणि न करणारे दोघेही त्या वाटेपासून फार लांब होते, आणि मीसुद्धा.

परतताना सूर्य बुडाला. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्या रात्री उपाशीच राहिले. स्टँडवर मला बसमध्ये चढवताना म्हणाले, "गावाचं तिकीट काढलंय. आधी मी एकटाच जातो. त्या वाटेनं चार-पाच वेळा जाऊन-येऊन करतो, पाय दाबून. मग तीर्थला नेऊ. निलेशला सांगू नका हं."

मी मान डोलावली. 'पाय दाबून' म्हणजे काय, ते बस सुटेपर्यंत मला नीटसं उमगलंही नव्हतं. राजगुरुनगरच्या अलीकडे उमगलं आणि मी खिडकीला तोंड लावून रडले.

घरी पोचले तेव्हा शेजारचं दार उघडंच होतं. तीर्थ आईच्या मांडीवर, वेणी घालून घेत बसला होता. पाय नुसते नाचत होते.

"काय म्हणाले बाबा? वाट साफ आहे ना?" निलेशने विचारलं.

दिलेला शब्द मी तिथेच मोडला. सगळं सांगितलं, कमी भरलेला एक, बाबांचं तिकीट, पाय दाबून चालणं. आता हा फोन उचलेल, बापाला अडवेल, नवस गेला खड्ड्यात म्हणेल, असं मला वाटत होतं.

निलेशने फोनला हातही लावला नाही.

"बाबांनी कशाला?" तो म्हणाला. "मी चालतो की पुढे."

तीर्थच्या आईचा हात वेणीतच थांबला.