शिंदेबाईंचं तोडलेलं कनेक्शन

ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा गंगापूर रोडच्या बँकेत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "थांबा काका, सर्व्हरवर कुणीतरी अडकलंय, काढून टाकते," आणि आमचं जुनं ऑफिस डोळ्यांपुढे आलं.

तिथला सर्व्हर माझ्याकडे होता. लोक संध्याकाळी नुसता मॉनिटर बंद करून घरी जात. त्यांची कनेक्शनं चालूच राहत, आणि सकाळी इतरांना फायली उघडता येत नसत. मग मी ती तोडायचो. एका सकाळी चालू कनेक्शनांच्या यादीत शिंदेबाईंचं नाव दिसलं; त्या तेव्हा नोकरीत अजून कायम झालेल्या नव्हत्या. खुर्ची रिकामी होती, म्हणून मी न विचारता तोडलं. बाई लवकर येऊन शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर साहेबांचा अहवाल करत होत्या. केलेलं सगळं गेलं.

"सेव्ह करता येत नाही, आणि म्हणे कायम करा!" साहेब कडाडले.

"सर, फाईल आपोआप बंद झाली हो."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, सर्व्हर नीट आहे ना?"

"एकदम नीट, सर."

बाई कायम झाल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे आज ठामपणे लिहितो.

पुढे एकदा घोटीच्या बाजारात त्या भेटल्या. "भाऊ, घरी सगळे बरे ना?" त्यांनीच मला विचारलं. 'बाई, मला माफ करा' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "यंदा इंद्रायणी तांदूळ छान आलाय."